रोगनिर्मूलन मोहिमांतील संवाद आणि स्थानिक संस्कृती

रोगनिर्मूलन म्हणजे एखाद्या रोगाचा जगभरातला नैसर्गिक प्रसार कायमचा थांबवणे. माणसांच्या रोगांपैकी हे आजवर फक्त देवीच्या बाबतीत साधले. तशी घोषणा ८ मे १९८० रोजी झाली. गुरांच्या बुळकांडीचे निर्मूलन २०११ मध्ये जाहीर झाले. ठरावीक प्रदेशापुरता रोग हटवणे याला दुरीकरण म्हणतात, पण बोलण्यात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात.

रोग आटोक्यात ठेवायचा असेल तर बहुतेक घरांनी ऐकले की भागते. निर्मूलनात मात्र न ऐकलेली मोजकी घरेच रोगाला पुरतात. म्हणून लस किंवा औषधाइतकेच महत्त्व कोण बोलले, कोणत्या भाषेत बोलले आणि किती वाजता दारात गेले, याला येते. या कामाला ‘जनजागृती’ म्हणायची पद्धत आहे. लोक झोपलेले आहेत असे त्यात धरलेले असते. नकार देणारे घर बहुधा चांगले जागे असते.

पुण्याचा प्लेग, १८९७

१८९६-९७ च्या हिवाळ्यात प्लेग पुण्यात पसरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला आणि वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरझडती सुरू केली. रोगी शोधणे, वेगळा ठेवणे, घराला चुना मारणे ही कामे त्या काळच्या वैद्यकाला धरूनच होती. बिघडले ते रीतीत. सैनिक देवघरात आणि सोवळ्याच्या स्वयंपाकघरात शिरले, बायकांना परक्या पुरुषांनी तपासले, घरातले सामान जाळले गेले. परिणाम उलटा झाला: लोक रोगी लपवू लागले, शहर सोडून जाऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर रोगही निघाला. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी केलेल्या हल्ल्यात लेफ्टनंट आयर्स्ट ठार झाला. जखमी रँड ३ जुलैला मरण पावला.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर दवाखाना चालवला. रोग्यांना तिथे पोहोचवता पोहोचवता सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग्याला वस्तीबाहेर इकडेही नेत होते आणि तिकडेही; फरक नेणाऱ्या हातांत होता.

देवी आणि नारू

मराठीत या रोगाचे नावच देवी. ‘रोग झाला’ असे न म्हणता ‘देवी आल्या’ म्हणत. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधत, घरात फोडणी बंद ठेवत. लस म्हणजे देवीचा अपमान, ही भीती यातूनच आली. पण भाषेने लसीलाही घरात घेतले: टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हणू लागले. शिवाय दारावरचा डहाळा शोधपथकाच्या कामाचाच असे, कारण आत कोणीतरी आजारी आहे हे तो लांबूनच सांगे. १९७० च्या दशकातल्या शोधमोहिमेत कार्यकर्ते देवी आलेल्या मुलाचे रंगीत चित्र घेऊन शाळा आणि आठवडी बाजार गाठत. रोगाचे नाव विचारले की कांजिण्या, गोवर असे सगळे एकात मिसळे. चित्र दाखवले की मुले नेमके घर सांगत. भारतातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आसामात सापडला.

नारूची अडचण वेगळी होती. दूषित पाणी प्यायल्यानंतर साधारण वर्षाने पायातून जंत बाहेर येतो, त्यामुळे पाण्याशी त्याचा संबंध जोडायला कोणी तयार नसे. यावर उपाय दाखवण्याचा: काचेच्या बाटलीत विहिरीचे पाणी घेऊन उन्हात धरायचे, वळवळणारे बारीक जीव दिसू द्यायचे, मग तेच पाणी कापडातून गाळून पुन्हा दाखवायचे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरू नका, एवढे सांगून भागत नसे; पाणी वरून ओढायची सोय करावी लागे. २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला.

पोलिओची फेरी: पुण्यातले व्यवहार

पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला. फेरीची रीत ठरलेली आहे. रविवारी बूथवर पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला दोन थेंब, डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण, मग काही दिवस घरोघर. सगळी मुले झालेल्या घरावर खडूने ‘पी’, एखादे राहिले तर ‘एक्स’. संध्याकाळी एक्सची घरे वेगळी काढून पुन्हा जायचे असते. थकलेले पथक चुकते ते इथेच: कुलूप असलेले घर आणि नकार देणारे घर एकाच रकान्यात टाकते. पहिल्याला वेगळी वेळ लागते, दुसऱ्याला वेगळा माणूस.

दारात काय विचारले यावर बरेच ठरते. “पाच वर्षांखालचं कोणी आहे का?” याला “नाही” हे उत्तर पटकन येते. आशाताई किंवा अंगणवाडीताई जुनी असेल तर सुटे सुटे विचारते: “ताई, तान्हं बाळ आहे का? कोणी झोपलंय? आजारी आहे? पाहुण्यांची मुलं आली आहेत?” दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला आतून मूल निघते.

वेळेचा घोळ पुण्यात खास आहे. बूथ रविवारी, पण भोसरी-पिंपरी पट्ट्यातल्या कित्येक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. बांधकामांवरची कुटुंबे सकाळी आठनंतर खोलीवर भेटत नाहीत. त्यांतली अनेक हिंदी, बंगाली, तेलुगू किंवा कन्नड बोलणारी, त्यामुळे शुद्ध मराठीतला फलक भिंतीची शोभा ठरतो. मुकादमाला आदल्या दिवशी गाठलेले बरे. ऊसतोड मजुरांचे तळ हंगामात जागा बदलतात, ते कुठे पडले आहेत हे कारखान्याच्या शेतकी विभागाला ठाऊक असते.

नकार फक्त वस्तीत असतो हा गैरसमज आहे. मोठ्या सोसायटीत वॉचमन फाटकावरच अडवतो आणि वरून निरोप येतो, “आम्ही प्रायव्हेटमध्ये दिलाय.” तिथे सोसायटीच्या सचिवाचा व्हॉट्सअॅप संदेश किंवा बालरोगतज्ज्ञांचे दोन ओळींचे पत्र उपयोगी पडते. वस्तीतला प्रश्न उलटा असतो: “नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, आणि डोस मात्र सारखा दारात?” ही तक्रार रास्त आहे. ती लिहून घेऊन प्रभाग कार्यालयात पोहोचवणारे पथक पुढच्या फेरीत आत बोलावले जाते.

लस खराब असल्याची शंका आली तर बाटलीवरची खूण आईलाच दाखवावी: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस चांगली, दोन्ही सारखे झाले किंवा चौकोन गडद झाला तर ती बाटली वापरायची नाही.

अफवा

अफवेचा उल्लेख करून ती खोडली की ज्यांनी ऐकली नव्हती त्यांनाही ती कळते. थेंबांनी वंध्यत्व येते ही अफवा उत्तर प्रदेशात पत्रकांनी हटली नाही. इमाम आणि ओळखीच्या स्त्रिया घरी गेल्यावर हटू लागली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये गोवर-रुबेला मोहीम शाळांतून सुरू झाली, तिथे सुईचा वेगळा प्रश्न होता. उपाशी मुले रांगेत उभी राहून पुढच्याला टोचताना बघतात. एक भोवळ येऊन पडले की पाठोपाठ आणखी पडतात, आणि तासाभरात पालकांच्या गटावर व्हिडिओ फिरतो. म्हणून आधी खायला द्यायचे, टोचण्याची जागा पडद्याआड ठेवायची, नंतर अर्धा तास दुसऱ्या वर्गात बसवायचे. तिथे ओळखीच्या बाई हव्यात, आणि मुख्याध्यापकांकडे डॉक्टरांचा फोन नंबर.