सिक्युरिटी क्लिअरन्स: अमली पदार्थांचे सेवन आणि अप्रामाणिकता (अमेरिका)

अमेरिकेच्या संघीय सरकारची गोपनीय माहिती हाताळण्यासाठी कर्मचाऱ्याला किंवा कंत्राटदार कंपनीतील नोकरदाराला जी मंजुरी घ्यावी लागते, तिला सिक्युरिटी क्लिअरन्स म्हणतात. ही मंजुरी कोणाचाही हक्क नाही, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या ईगन खटल्यात स्पष्ट केले. शंका उरल्यास ती राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने मिटवावी, असा नियम आहे. जून २०१७ पासून लागू असलेल्या तेरा निकषांपैकी ‘एच’ हा अमली पदार्थांविषयी, तर ‘ई’ हा वैयक्तिक वर्तनाविषयी, म्हणजे मुख्यतः खरेखोटेपणाविषयी आहे.

‘एसएफ-८६’ या शंभराहून अधिक पानांच्या अर्जातील तेविसाव्या विभागात गेल्या सात वर्षांतील बेकायदा सेवनाची माहिती द्यावी लागते. क्लिअरन्स हाती असताना सेवन केले असेल, तर मात्र काळाची मर्यादा नाही. राज्याने परवानगी दिली असली तरी संघीय कायदाच प्रमाण मानावा, असे त्याच विभागात बजावलेले असते. कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये गांजाला मोकळीक दिल्यानंतर अनेक अर्जदारांची फसगत नेमकी येथेच होऊ लागली. सध्या सेवन करणाऱ्याला वा व्यसनाधीन व्यक्तीला क्लिअरन्स देण्यास कायद्यानेच मनाई आहे. जुन्या सेवनाकडे मात्र इतक्या कठोरपणे पाहिले जात नाही: गांजाचे पूर्वीचे सेवन विचारात घ्यावे, पण केवळ त्यावरून निकाल देऊ नये, असे राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालकांनी डिसेंबर २०२१ मध्ये कळवले. किती काळ लोटला, किती वेळा सेवन झाले, त्या वेळचे वय काय होते आणि ती संगत सुटली का, हे पाहिले जाते. पुढे कधीही सेवन करणार नाही आणि केल्यास क्लिअरन्स रद्द व्हावी, असे सही केलेले निवेदनही अर्जदाराच्या बाजूने धरले जाते.

खोटेपणाला मात्र असे सहज जुने होता येत नाही. महाविद्यालयात दोनदा ओढलेला गांजा वर्षांगणिक मागे पडतो. पण त्या प्रश्नापुढे जाणूनबुजून लिहिलेले ‘नाही’ हे अर्जदाराचे आजचे वर्तन ठरते. तपास अधिकारी शेजारी, जुने सहनिवासी आणि वरिष्ठ यांच्याशी बोलतात, त्यामुळे दडवलेली गोष्ट बाहेर येण्याच्या वाटा पुष्कळ असतात. शिवाय दडवलेली गोष्ट दबाव आणण्यासाठी वापरता येते, आणि गोपनीयतेच्या व्यवहारात खरा धोका तोच आहे. हेतुपुरस्सर खोटे विधान हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचा संघीय गुन्हा आहे. उलट, तेविसाव्या विभागातील खरी उत्तरे पुढील फौजदारी कारवाईत अर्जदाराविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाणार नाहीत, अशी हमी अर्जातच छापलेली आहे. ती न वाचता अनेकजण भीतीपोटी खोटे लिहितात, ही खेदाची बाब आहे.

चूक सुधारण्याची वाट उघडी असते, मात्र पुरावा समोर ठेवला जाण्यापूर्वी अर्जदाराने आपणहून आणि तत्परतेने खरे सांगितले पाहिजे. मंजुरी नाकारण्याचा विचार असल्यास कारणांचे लेखी निवेदन धाडले जाते. संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांकडील नोकरदारांना त्याला उत्तर देऊन प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते.