आरपीएलच्या अर्जासाठी येण्यापूर्वी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या कार्यालयात अर्ज तयार करून घ्यायला येणाऱ्या बहुतेक ग्राहकांना आरपीएल (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग) म्हणजे काय हे ठाऊक असते. कामावर हात बसवून मिळवलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन त्याचे प्रमाणपत्र देण्याची ही पद्धत २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेमुळे पुष्कळांच्या परिचयाची झाली आहे. ज्या एका चुकीमुळे आमच्या ग्राहकांचे महिने वाया जातात, तिच्याविषयी मात्र सविस्तर लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. ग्राहक हुद्दा सांगतात, काम सांगत नाहीत.

मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात बारा वर्षे काम केलेले एक गृहस्थ पगारपत्रकावर ‘हेल्पर’ होते आणि त्याच नावाने अर्ज भरावा असा त्यांचा आग्रह होता. तासभर बोलल्यावर कळले, की सुरुवातीला ते रॉडचे वेल्डिंग करीत असत आणि गेली सात वर्षे स्टेनलेस स्टीलच्या पाइपांना आर्गन वेल्डिंग करीत आहेत. कारखान्यात दोन्हींना वेल्डिंगच म्हणतात. चाचणीत मात्र रॉडचे काम ‘मॅन्युअल मेटल आर्क’ आणि आर्गनचे काम ‘टिग’ म्हणून वेगवेगळे धरले जाते, दोन्हींचे लेखी निकष स्वतंत्र असतात आणि परीक्षक त्या निकषांनुसारच प्रश्न विचारतो व काम करवून घेतो. निवड चुकली, तर उत्तम कारागिराला कित्येक वर्षांत हातात न घेतलेले काम करून दाखवावे लागते, गुण कमी पडतात आणि आपल्यालाच काही येत नाही असे त्याच्या मनात बसते. हे पाहून आम्हाला फार वाईट वाटते.

२०१३ साली अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यात प्रत्येक पात्रतेला, म्हणजे ज्याची चाचणी होते अशा प्रत्येक कामाला, स्तर दिलेला आहे. कामाला किती ज्ञान व कौशल्य लागते आणि त्यात किती जबाबदारी स्वतः उचलावी लागते, यावरून तो ठरतो. पगारपत्रकावरील शब्दाला तेथे महत्त्व नाही.

घरी शिवणकाम करणाऱ्या भगिनींची अडचण याच प्रकारची असते. ‘मी शिलाई करते’ एवढ्यावरून कपड्यांच्या कारखान्यातील ‘सिव्हिंग मशीन ऑपरेटर’ची निवड झाली, तर माप घेणे, कापड बेतणे आणि फिटिंग दुरुस्त करणे हे त्यांचे खरे कसब तपासलेच जात नाही, त्यांच्यासाठी ‘सेल्फ एम्प्लॉइड टेलर’ ही पात्रता अधिक जवळची आहे. मालकाचे पत्र नसले तरी मापांची जुनी वही आणि शिवलेल्या कपड्यांची छायाचित्रे जरूर आणावीत, कारण त्यांवरून कामाचा आवाका आम्हाला लगेच कळतो.

अनुभवपत्रांविषयीही हेच सांगावेसे वाटते. ‘यांची वर्तणूक चांगली होती’ एवढाच मजकूर असलेले पत्र सन्मानाचे असले, तरी त्यातून काम समजत नाही. कोणते यंत्र चालवले, कोणता धातू किती जाडीचा होता, ड्रॉइंग स्वतः वाचत होता का, हाताखाली कोणी होते का, हे पत्रात यावे. असा मसुदा आम्ही तयार करून देतो. मालकांनी तो वाचून, खरे असेल तेवढेच ठेवून, आपल्या लेटरहेडवर सही करावी.

फोनवर माहिती घेऊन आम्ही अर्ज भरत नाही आणि पहिल्या बैठकीचे शुल्क आधी घेतो, याबद्दल काही ग्राहक नाराज होतात. सरकारी योजनेतील चाचणीसाठी उमेदवाराकडून पैसे घेतले जात नाहीत, हे आम्ही प्रत्येकाला स्वतःहून सांगतो. आमचे शुल्क त्या तासाभराच्या बैठकीचे आणि कागदपत्रे तयार करण्याचे आहे. प्रमाणपत्र आम्ही देत नाही आणि त्याची हमीही देत नाही. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढून कारागिरीला शिक्षणाचे स्थान दिले, त्या शहरात कारागिराचे म्हणणे तासभर नीट ऐकून घेणे आम्हाला आमच्या कामाचा मुख्य भाग वाटते. त्या बैठकीनंतर त्याच अर्जासाठी पुन्हा यावे लागले, तर वेगळे शुल्क पडत नाही.

आयटीआयचे प्रमाणपत्र मागणाऱ्या प्रत्येक ठिकाणी आरपीएलचे प्रमाणपत्र चालेलच असे नाही, तसेच वीजजोडणीच्या कामासाठी लागणारा वायरमनचा परवानाही वेगळा असतो. म्हणून प्रमाणपत्र कोणाला दाखवायचे आहे हे आधी सांगावे.

नावाकडेही लक्ष द्यावे. येथील शाळेच्या दाखल्यावर बऱ्याच मराठी कुटुंबांची आडनावे आधी लिहिलेली असतात आणि नावापुढे ‘भाई’ लागलेले असते, आधारवर मात्र ते नसते. ही दुरुस्ती अर्जापूर्वीच करून घ्यावी.

येण्याच्या आदल्या आठवड्यात रोज संध्याकाळी, त्या दिवशी हाताने काय काय केले ते चार ओळींत लिहून ठेवावे आणि तो कागद सोबत आणावा. गुजरातीत किंवा हिंदीत लिहिला तरी चालेल. लिहिण्याची सवय नसल्यास घरातील मुलांकडून लिहून घ्यावा. पहिली पाळी सुटल्यावर येणाऱ्यांसाठी कार्यालय संध्याकाळीही उघडे असते.