कवटी व चेहऱ्याच्या हाडांची सौम्य अर्बुदे

कवटी, जबडे आणि नाकाभोवतालच्या पोकळ्या (सायनस) यांच्या हाडांत सावकाश वाढणाऱ्या, कर्करोग नसलेल्या गाठी. ऑस्टिओमा (निव्वळ हाडाची गाठ) आणि ऑसिफाइंग फायब्रोमा (तंतू व हाड मिसळलेली गाठ) या त्यांतील प्रमुख. फायब्रस डिसप्लेसिया हा खरे तर हाडाच्या घडणीतला दोष; त्यात हाडाच्या जागी तंतुमय ऊती येते. पण निदानात घोटाळा होतो तो त्याच्यामुळेच, म्हणून त्याचा विचार इथेच करतात.

ऑस्टिओमा बहुधा कपाळातील सायनसमध्ये आढळतो. त्याच्या उगमाबद्दल एकमत नाही. गर्भात पातळ पटलापासून बनणारे कपाळाचे हाड आणि कूर्चेपासून बनणारे, नाकाच्या मुळाशी असलेले इथमॉइड हाड जिथे जुळतात तिथे तो उपजतो, हे एक मत. मात्र अनेक गाठी या सांध्यापासून दूर असतात. मार किंवा जुनाट जंतुसंसर्ग कारणीभूत धरावा, तर बऱ्याच रुग्णांत तसा पूर्वेतिहास मिळत नाही. कोणतेही एकच कारण पुरे पडत नाही, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. जबड्यात अनेक ऑस्टिओमा असल्यास गार्डनर सिंड्रोम या आनुवंशिक विकाराची शंका घेऊन मोठ्या आतड्याची तपासणी करावीच लागते. या विकारात आतड्यात होणारे पॉलिप (अस्तरावरचे कोंब) पुढे कर्करोगात बदलतात.

‘फायब्रस डिसप्लेसिया’ हे नाव विकृतिशास्त्रज्ञ लिक्टेनस्टाइन यांनी 1938 मध्ये रूढ केले. जीएनएएस जनुकातील बदल हे त्याचे कारण 1990 च्या दशकात उमगले. हा बदल गर्भधारणेनंतर गर्भाच्या पेशींत होतो, त्यामुळे दोष आईवडिलांकडून येत नाही. सीटी स्कॅनमध्ये असे हाड दुधी काचेसारखे दिसते आणि कडेला निरोगी हाडात विरून जाते. ऑसिफाइंग फायब्रोमाची कड रेखीव असते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्हींत वेड्यावाकड्या अस्थिकणिका आणि तंतू दिसतात. म्हणून बायॉप्सीचा तुकडा स्कॅनसोबतच वाचायला हवा. हाडाचा तुकडा आम्लात मऊ झाल्याशिवाय त्याचे काप निघत नाहीत. रिपोर्टला दिवस लागतात ते यामुळे.

मुंबईत कपाळाचे टेंगूळ कान-नाक-घसा विभागात, तर सुजलेला जबडा दातांच्या डॉक्टरांकडे पोहोचतो. परळला केईएम (स्थापना 1926) आणि कर्करोगासाठीचे टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना 1941) हाकेच्या अंतरावर आहेत. ‘टाटाला दाखवा’ म्हटले की घरचे हादरतात. पण तिथे पाठवणे म्हणजे कर्करोग ठरणे नव्हे.

लहान, त्रास न देणाऱ्या ऑस्टिओमावर नुसती नजर ठेवतात. सायनसची वाट अडली, डोळा पुढे आला किंवा डोकेदुखी हटेना, तर तो नाकातून दुर्बिणीने अथवा बाहेरून छेद घेऊन काढतात; हस्तिदंतासारखी टणक गाठ आधी ड्रिलने आतून पोखरावी लागते. ऑसिफाइंग फायब्रोमा समूळ काढतात. डिसप्लेसियात वाढ थांबल्यावर उंचवटा तासणे बहुधा पुरते. दृष्टी शाबूत असताना केवळ खबरदारी म्हणून डोळ्याच्या मज्जातंतूची (ऑप्टिक नर्व्ह) हाडातली वाट रुंद करू नये. किरणोपचार तर टाळावेतच, कारण त्यांनी हाडाचा कर्करोग उद्भवण्याचा धोका वाढतो.