अरबी ‘सहा’मध्ये दडलेला ‘द’

अरबीत पाच म्हणजे खम्सा, पाचवा खामिस. सात म्हणजे सबआ, सातवा साबिअ. मुळातली व्यंजनं कायम राहतात, बदलतात ते स्वर. सहाला मात्र ही शिस्त लागू पडत नाही. सहा म्हणजे सित्ता, पण सहावा सादिस आणि एक षष्ठांश म्हणजे सुदुस. सित्तातला ‘त्त’ गेला कुठे, आणि हा ‘द’ आला कुठून?

आठव्या शतकात बसऱ्यात अरबीचं व्याकरण रचणाऱ्या सीबवैहीनं याचा माग काढला होता. मूळ रूप ‘सिद्स’ असणार, असं त्याचं म्हणणं. सित्ताचं लघुत्वदर्शक रूप सुदैसा होतं, तिथेही ‘द’ डोकावतोच. केवळ भाषेच्या आतले पुरावे जुळवून तो इथवर पोचला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

उरलेला दुवा येमेनमधल्या, अरबीच्या नात्यातल्या भाषेतल्या प्राचीन शिलालेखांत मिळाला. तिथे सहासाठी कोरलेली व्यंजनं स, द आणि तिसरा ध्वनी इंग्रजी ‘थ्री’च्या सुरुवातीचा, जिभेचं टोक दातांत धरून काढायचा. म्हणजे मूळ शब्द ‘सिद्थ’सारखा. आता हा शब्द भरभर म्हणून पाहा. घोष म्हणजे गळ्यात कंप निर्माण करणाऱ्या ‘द’ला लागूनच अघोष, म्हणजे असा कंप नसलेला ध्वनी आला की ‘द’चा ‘त’ होतो. विपद् आणि काल मिळून विपत्काल होतं, तसंच. मग शेवटचा ध्वनीही ‘त’मध्ये मिसळला आणि ‘सित्त’ तयार झालं. सादिस आणि सुदुसमध्ये या दोन ध्वनींच्या मध्ये स्वर आहे, त्यामुळे ‘द’ शाबूत राहिला. शेवटचा ध्वनी मात्र पहिल्या ‘स’च्या ओढीनं ‘स’ झाला. अरबीच्याच नात्यातल्या हिब्रूत शेश उरलं, तिथे ‘द’चा मागमूस नाही. त्याच कुळातल्या, इथिओपियाच्या जुन्या गीझ भाषेत तो अजून आहे.

सुदुस हा रोजच्या व्यवहारातला शब्द. कुराणातल्या वारसाहक्काच्या नियमांत, मृताला मुलं असतील तर त्याच्या आईवडिलांना प्रत्येकी एक सुदुस मिळतो. इ.स. ९९४ मध्ये इराणातल्या रय शहराजवळ खगोलज्ञ अल-खुजंदीनं वर्तुळाच्या सहाव्या भागाएवढी, ६० अंशांची प्रचंड कमान उभारली आणि तिच्यावरून पृथ्वीच्या आसाचा कल सुमारे २३ अंश ३२ मिनिटं मोजला. त्या वेधयंत्राचं नाव सुदुस अल-फख्री. याच मुळातून मुसद्दस म्हणजे षट्कोन, उर्दूत सहा ओळींच्या कडव्यांची कविता आणि आजच्या अरबीत पिस्तूल, कारण रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या मावायच्या.