गावाचं रूप पालटणाऱ्या माणसासाठी पद्म पुरस्काराची शिफारस: कोण करू शकतं, काय लागतं, कुठे अडतं

पद्म पुरस्कारासाठी कुणाचं नाव सुचवायचं असेल, तर आमदारांचं पत्र लागत नाही. कलेक्टर कचेरीत फाइल फिरवावी लागत नाही. शुल्क तर नाहीच. या तिन्ही गोष्टी मी दरवर्षी कुणाला ना कुणाला समजावून सांगतो. समोरचा मान डोलावतो आणि शेवटी विचारतोच, "पण ओळख लागत असेल ना?"

भारताचा कोणताही नागरिक दुसऱ्या कुणाचं नाव सुचवू शकतो. स्वतःचं नावही देता येतं, पण गावासाठी राबणारी माणसं ते क्वचितच करतात. एका रस्त्याला वर्षानुवर्षं झाडं लावून जगवणारा, ओढा साफ करणारा, भिंती रंगवून वाडीचं रूप बदलणारा माणूस "माझा सत्कार करा" असा अर्ज कशाला भरेल? तो अर्ज शेजाऱ्यानं, शाळेतल्या गुरुजींनी, शहरात शिकणाऱ्या पुतण्यानं भरायचा असतो. हा लेख त्या पुतण्यासाठी.

असं खरंच घडतं का, अशी शंका असेल तर आधी काही नावं बघा. कर्नाटकातल्या हुलिकल ते कुडूर या रस्त्याच्या दुतर्फा वडाची झाडं लावून वाढवणाऱ्या सालुमरद थिमक्का यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. राजस्थानातल्या पिपलांत्री गावात मुलगी जन्मली की १११ झाडं लावायची प्रथा सुरू करणारे श्यामसुंदर पालीवाल २०२१ च्या यादीत होते. चंदीगडला फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि मोडक्या फरशांमधून रॉक गार्डन उभं करणाऱ्या नेकचंद यांना हा मान १९८४ सालीच मिळाला होता. आपल्याकडचे हिवरेबाजारचे पोपटराव पवार आणि बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे २०२० च्या यादीत, तर धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याचं जंगल राखणारे चैत्राम पवार २०२५ च्या. यातलं कुणीही मोठ्या पदावर बसून मोठं झालेलं नाही.

पात्रता: बहुतेक जण पात्र, एक जण मात्र अडतो

नियम उदार आहे. वंश, व्यवसाय, हुद्दा, स्त्री-पुरुष असा कोणताही भेद न करता कुणाचाही विचार होतो. शिक्षणाची अट नाही.

अडतो तो सरकारी नोकर. सेवेत असलेले सरकारी कर्मचारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी पद्म पुरस्काराला पात्र नाहीत. अपवाद फक्त डॉक्टर आणि शास्त्रज्ञांचा. गावाच्या सौंदर्यासाठी झटणाऱ्यांच्या बाबतीत ही अट नेमकी दुखऱ्या जागी लागते, कारण टेकडी हिरवी करणारा माणूस पुष्कळदा वनखात्यातच नोकरीला असतो. नाव सुचवणाऱ्याला ते शेवटी कळतं आणि सगळी मेहनत वाया जाते. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: ते आज नोकरीत आहेत का? निवृत्तीनंतर मात्र अडचण उरत नाही. कर्नाटकातल्या तुलसी गौडा यांनी वनखात्याच्या रोपवाटिकेत आधी रोजंदारीवर आणि मग कायम नोकरीत काम केलं. त्यांचं नाव पद्मश्रीच्या यादीत आलं ते निवृत्त झाल्यावर. पुरस्कार घ्यायला त्या राष्ट्रपती भवनात अनवाणी गेल्या, तो फोटो अनेकांच्या लक्षात असेल.

दुसरी गोष्ट म्हणजे पुरस्कार शक्यतो हयात व्यक्तीलाच दिला जातो. मरणोत्तर देता येतो, पण अगदी विशेष प्रकरणातच. तेव्हा "म्हातारबाबा गेले की त्यांच्या नावानं काहीतरी करू" हा विचार इथे कामाचा नाही.

तिसरी गोष्ट स्पर्धेची. मरणोत्तर, परदेशी आणि अनिवासी भारतीय सोडले तर वर्षाला १२० पेक्षा जास्त पद्म पुरस्कार देता येत नाहीत, आणि त्यात पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री तिन्ही आले. २०२५ साली हे वगळलेले गट धरून सगळे मिळून १३९ पुरस्कार होते, त्यांतले ११३ पद्मश्री. पूर्ण देशातून येणारी नावं आणि एवढ्याच जागा. शिवाय ज्याचं नाव सुचवायचं त्याला आधी राष्ट्रीय किंवा निदान राज्य पातळीवरचा एखादा सन्मान मिळालेला असावा, अशी साधारण अपेक्षा असते. म्हणून झाडं लावणाऱ्या माणसाचं नाव दिल्लीला पाठवण्याआधी राज्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वनश्री पुरस्कारासाठी पाठवा, असं मी सुचवेन. त्यात व्यक्तींसाठी वेगळा गट आहे. तो मिळाला तर पद्मच्या अर्जात लिहायला एक भक्कम ओळ होते. नाही मिळाला तरी त्या निमित्तानं कागद गोळा होतात, आणि खरं काम तेच आहे.

अर्ज कुठे आणि कधी

कागदी अर्ज घेतले जात नाहीत. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर, म्हणजे अवॉर्ड्स डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर, ऑनलाइनच शिफारस करायची. आधी शिफारस करणाऱ्यानं आपली नोंदणी करायची, मग लॉगिन करून चालू पुरस्कारांच्या यादीतून पद्म पुरस्कार निवडायचा.

मुदतीच्या बाबतीत जुन्या माहितीवर विसंबू नका. कैक वर्षं १ मे ते १५ सप्टेंबर असा काळ ठरलेला होता आणि बऱ्याच जणांच्या डोक्यात तोच बसला आहे. २०२६ च्या पुरस्कारांसाठी मात्र १५ मार्च २०२५ लाच पोर्टल खुलं झालं आणि शेवटची तारीख ३१ जुलै जाहीर झाली. ती पुढे वाढवली गेली, पण मुदतवाढ गृहीत धरून बसणं म्हणजे शेवटच्या एसटीच्या भरवशावर तालुक्याला जाणं. होळी झाली की पोर्टल उघडून बघायला लागा.

आधी हाताशी ठेवायचं ते

ज्यांचं नाव सुचवायचं त्यांचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, संपर्क आणि आधी मिळालेले सन्मान एवढं तरी बरोबर पाहिजे. सोपं वाटतं, पण मी दोन अर्जांना हातभार लावला आणि दोन्ही वेळा घोडं इथेच अडलं.

त्यातल्या एका वेळी अर्ज एका आजींसाठी होता. त्यांना सगळं गाव ज्या नावानं हाक मारत होतं, ते नाव आधार कार्डावर नव्हतंच. सत्काराच्या प्रमाणपत्रांवर गावातलं नाव, रेशन कार्डावर सासरचं, आधारवर तिसरंच. जन्मतारीख विचारली तर म्हणाल्या, "दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची मी." आधारवर १ जानेवारी. गावाकडच्या अर्ध्या म्हाताऱ्या माणसांचा वाढदिवस कागदावर १ जानेवारीलाच असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही शेवटी आधारवरचं नाव आणि तारीख अर्जात घातली आणि मजकुराच्या पहिल्याच वाक्यात "गावात अमुक नावाने परिचित" असं लिहून टाकलं. पुढे कुणी चौकशीला आलं, तर कागदावरची बाई आणि पारावर विचारल्यावर लोक ज्यांच्या घराकडे बोट दाखवतात ती बाई एकच आहे, हे कळायला हवं ना!

बाकी कागद म्हणजे वर्तमानपत्रातली कात्रणं (तारीख दिसेल अशी), प्रमाणपत्रं आणि फोटो. फोटोंत सत्काराचे, शाल-श्रीफळाचे कमी ठेवा. जागेचे जास्त जमवा. एकाच जागेचा दहा वर्षांपूर्वीचा आणि आजचा फोटो मिळाला तर त्याचं मोल शंभर हारतुऱ्यांपेक्षा जास्त. जुना फोटो कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये सापडतो, वरात मागे आणि बोडका माळ पुढे. शोधा. ग्रामसभेचा ठराव सक्तीचा नाही, तरी करून ठेवावा. ठरावात कामाची वर्षं आणि जागा नोंदलेल्या असल्या की पुढे तोंडी सांगण्यावर काही राहत नाही.

ते आठशे शब्द

अर्जाचा जीव इथे आहे. व्यक्तीच्या कार्याचं वर्णन जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायचं असतं. निवड समितीला तुमचं गाव दिसणार नाही, तुमचे आजोबा दिसणार नाहीत. दिसणार तो हा मजकूर. तो लिहिताना आपण सगळे एकच चूक करतो: सत्काराचं भाषण लिहून बसतो.

समजा, एका बाईंनी वीस वर्षं खपून गावची स्मशानभूमी बागेसारखी केली आहे. पहिला मसुदा हमखास असा येतो: "अत्यंत निःस्वार्थी, मृदुभाषी आणि समाजाप्रती तळमळ असलेल्या ताईंनी आपले संपूर्ण आयुष्य पर्यावरणाला वाहिले असून त्या तरुणांसाठी दीपस्तंभ आहेत." हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुणालाही चिकटवता येतं. आता हे बघा: "२००४ साली या दोन एकर जागेत वेडी बाभूळ माजली होती. पावसाळ्यात प्रेत न्यायला वाट नव्हती. ताईंनी पहिली तीन वर्षं एकटीनं बाभूळ काढली. आज तिथे करंज, कडुनिंब आणि बकुळीची ३५० झाडं आहेत. २०११ पर्यंत पाणी विहिरीवरून हंड्यानं आणलं. त्यानंतर ग्रामपंचायतीनं नळ दिला. आता संध्याकाळी तिथे मुलं अभ्यासाला बसतात." उदाहरण मनातलं आहे, पण फरक लक्षात आला असेल. दुसऱ्या मजकुरातली प्रत्येक गोष्ट कुणीही गावात येऊन तपासू शकतो. पहिल्यातली एकही नाही.

निकष म्हणून "असामान्य आणि विशेष सेवा" असे शब्द वापरले जातात आणि कामात लोकसेवेचा अंश असावा लागतो. नुसती सुंदर बाग पुरत नाही. त्या सौंदर्यानं लोकांच्या जगण्यात काय बदललं, ते लिहावं लागतं. बाया आता त्या वाटेनं अंधारातही जातात का? ओढ्याला पाणी टिकलं का? शेजारच्या गावानं तसंच काही केलं का? आकडे लिहाल ते मोजून लिहा. "हजारो झाडं" लिहायचा मोह होतो. एका रविवारी चार पोरं घेऊन मोजा आणि ४१२ भरली तर ४१२ लिहा.

मजकूर आधी वहीत किंवा वेगळ्या फाइलीत लिहा, शब्द मोजा, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचून दाखवा आणि मगच पोर्टलवर चढवा. वाचून दाखवल्यावर ती माणसं दोन गोष्टी करतात: एक तर लाजतात, आणि दुसरं म्हणजे "ते मी नाही, ते आमच्या धाकट्या जावेनं केलं" असं म्हणून चुका दुरुस्त करतात.

क्षेत्र कोणतं निवडायचं, यावर लोक फार डोकं खातात. पोपटराव पवारांची नोंद समाजकार्यात झाली, राहीबाईंची "इतर" या गटात, शेतीसाठी. झाडं, पाणी, स्वच्छता असेल तर समाजकार्य. भिंतीवरची चित्रं, मूर्ती, लोककला असेल तर कला. जिथे काम खरं बसतं तिथे टाका आणि पुढे चला.

अर्ज गेल्यावर

सगळी नावं पद्म पुरस्कार समितीपुढे जातात. ही समिती पंतप्रधान दरवर्षी नेमतात. कॅबिनेट सचिव तिचे अध्यक्ष असतात. गृहसचिव, राष्ट्रपतींचे सचिव आणि चार ते सहा मान्यवर सदस्य असतात. समितीच्या शिफारशी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे मंजुरीला जातात आणि यादी प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला जाहीर होते. मधल्या काळात व्यक्तीची पार्श्वभूमी तपासली जाते. तेव्हा जमिनीचा वाद, अतिक्रमणाची केस असं काही असेल तर ते शिफारस करणाऱ्याला आधीच माहीत असलेलं बरं. गायरानावर बाग फुलवणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न हटकून निघतो.

कुणी फोन करून "तुमचं नाव शॉर्टलिस्ट झालंय, एवढे पैसे भरा" म्हणालं तर फोन ठेवा. या प्रक्रियेत पैसे भरायची एकही पायरी नाही.

मिळतं काय, तर राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक. सोबत पदकाची छोटी प्रतिकृती देतात, ती समारंभात लावता येते. रोख रक्कम नाही, रेल्वे किंवा विमान प्रवासात सवलतही नाही. नावापुढे किंवा नावामागे "पद्मश्री" लावायलाही परवानगी नाही. हा किताब नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ सालीच स्पष्ट केलंय. चौकातल्या फ्लेक्सवाल्याला हे कोण सांगणार, ते तुम्ही ठरवा.

यादीत नाव नसेल तर पुढच्या वर्षी पुन्हा शिफारस करता येते. जुनाच मजकूर जसाच्या तसा चढवू नका. वर्षभरात किती झाडं वाढली, किती जळाली, ते पुन्हा मोजून घाला.