पेडल हार्ड का होतं? जुन्या ट्रक-बसच्या व्हॅक्यूम ब्रेकमागची कहाणी

साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा ट्रक किंवा बस पुन्हा रस्त्यावर आणायची हौस असलेला माणूस गॅरेजात आला की इंजिनावर, रंगावर, लाकडी बॉडीवर तासभर बोलतो. ब्रेकबद्दल त्याचं एकच वाक्य असतं, "पेडल फार हार्ड आहे, बघा जरा." जुना मिस्त्री असेल तर तो बॉनेट न उघडता आधी गाडीखाली सरकतो. त्याला बघायचा असतो तो चासीला टांगलेला, पातेल्याएवढा पत्र्याचा डबा आणि त्यातून इंजिनाकडे गेलेला जाड रबरी पाइप.

"व्हॅक्यूम ओढतो" असं सगळेच म्हणतात. बोलायला सोयीचं आहे, पण इथे ओढत कोणीच नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो. डब्यात मध्ये पिस्टन आहे, त्याच्या एका बाजूची हवा काढून घेतली की दुसऱ्या बाजूची हवा त्याला ढकलते. २० सेंटिमीटर व्यासाचा पिस्टन घ्या, क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. पाऱ्याचे ५० सेंटिमीटर, म्हणजे मिस्त्रीच्या भाषेत वीस इंच व्हॅक्यूम असेल तर दर चौरस सेंटिमीटरला ०.६८ किलोचा फरक पडतो. गुणाकार केला की २१३ किलो. ड्रायव्हरच्या पायाला एवढी मदत, आणि तीही इंजिन नाहीतरी जी हवा आत घेतंच तिच्या जिवावर.

ही युक्ती रस्त्यावर येण्याआधी रुळांवर रुळली होती, आणि तिथे तिच्यापायी माणसं मेली. आयर्लंडमधल्या आर्मा गावाजवळ १२ जून १८८९ रोजी मुलांच्या सहलीची एक गाडी चढावर अडकली. अर्धी गाडी पुढे न्यावी म्हणून डबे सोडवले गेले. त्या गाडीचा ब्रेक साध्या जातीचा होता: व्हॅक्यूम तयार झाला की ब्रेक लागायचा, गेला की सुटायचा. पाइप सुटल्याबरोबर मागच्या डब्यांचा व्हॅक्यूम गेला, ब्रेक सुटले, आणि डबे उतारावरून घरंगळत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण दगावले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि प्रवासी गाड्यांना 'ऑटोमॅटिक' ब्रेक सक्तीचा झाला. ऑटोमॅटिक म्हणजे उलटा हिशोब: धावताना पाइपभर व्हॅक्यूम ठेवायचा, तो गेला की ब्रेक आपोआप लागलेच पाहिजेत. आपल्याकडच्या रेल्वेवरही पुढे कित्येक दशकं हाच ब्रेक होता. साखळी ओढली की पाइपात हवा शिरायची आणि गाडी थांबायची.

ट्रक-बसमध्ये जो व्हॅक्यूम आला तो मात्र आर्माच्याच जातीचा, साधा. व्हॅक्यूम असला की मदत, नसला की मदत नाही. ब्रेक पूर्ण जात नाही, कारण पायाचा जोर चाकापर्यंत पोचतोच. पण पाच-सहा टनांची भरलेली गाडी आणि नुसता पाय, म्हणजे काय ते ज्याने अनुभवलंय तो सांगेल. रेल्वेत काम केलेला एखादा हौशी माणूस "व्हॅक्यूम गेला तर ब्रेक लागतीलच की" असं समजून चालतो, तो या फरकामुळेच फसतो.

रस्त्यावर ही कल्पना आणणाऱ्यांत बेल्जियमच्या आल्बेर देवांद्र यांचं नाव महत्त्वाचं. १९२०चं दशक. मोटारींना चारही चाकांना ब्रेक येऊ लागले होते, गाड्या जड होत होत्या, टायर हवेचे झाल्यामुळे वेग वाढला होता आणि ड्रायव्हरचा पाय पूर्वीचाच होता. देवांद्र यांच्या सर्व्होचं, म्हणजे पायाच्या जोराला मदत करणाऱ्या याच डब्याचं, उत्पादन इंग्लंडमधल्या लिंकन शहरात सुरू झालं. तिथल्या, मळणीयंत्रं आणि वाफेची इंजिनं बनवणाऱ्या जुन्या घराण्याच्या नावाशी हे नाव जोडून कंपनी झाली, 'क्लेटन देवांद्र'. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते मद्रासला भेटणार आहे.

पेट्रोल इंजिनावर हा सर्व्हो इतका चपखल का बसला, ते घाटात कळतं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की कार्ब्युरेटरचं झाकण मिटतं. पिस्टन तर हवा मागतच असतात, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, अठरा ते बावीस इंच व्हॅक्यूम तयार होतो. गाडी गिअरमध्ये ठेवून उतरताना चाकंच इंजिनाला फिरवतात, तेव्हा तर तो भरपूर मिळतो. म्हणजे ब्रेक लागतो त्याच वेळी व्हॅक्यूम सर्वांत जास्त. चढावर, पाय पूर्ण दाबलेला असताना, तो जवळजवळ शून्यावर येतो. म्हणून मध्ये एक टाकी आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. टाकी आधीचा व्हॅक्यूम साठवून ठेवते, व्हॉल्व्ह तो उलटा जाऊ देत नाही.

आपल्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली ती बेडफर्डची होती, बॉडी लाकडी, सीटांना काथ्या. बेडफर्डच्या त्या काळच्या बसला हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने लागणारे, ब्रेक आणि मदतीला व्हॅक्यूम सर्व्हो असे. सुरुवातीच्या ताफ्यात शेव्हरोलेट, फोर्ड, स्टुडबेकर, कॉमर, अल्बियन अशी दहाएक जातींची सरमिसळ होती. डेपोतल्या मिस्त्रीचे काय हाल होत असतील याची कल्पनाच केलेली बरी. पुढे पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला मॉरिस कमर्शियलच्या चासीवरच्या 'नीलकमल' आणि 'गिरीआरोहिणी' या आरामगाड्या पुणे-महाबळेश्वर मार्गावर आल्या. कात्रज, खंबाटकी, पसरणी, असे तीन घाट एका फेरीत. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे हवेचा दाबच सुमारे १५ टक्के कमी, म्हणजे पिस्टनला ढकलणारी हवाही तेवढीच लेची. व्हॅक्यूम ब्रेकची कोणतीही गाडी वरून निघताना पूर्ण जोरात नसते, उतरत जाते तसा तिचा ब्रेक सुधारतो.

"ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर" हे ड्रायव्हर मंडळी शिकवत आली, त्यात ब्रेकचे लायनर जळू नयेत हा भाग होताच, पण व्हॅक्यूम टिकवणं हाही होता. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्याकडे टाकीतल्या दोन-तीन दाबांपुरतीच शिल्लक असे. चौथ्या वळणावर पेडल दगड.

दुसऱ्या महायुद्धाने या डब्याला त्याचं प्रसिद्ध रूप दिलं. अमेरिकेच्या बेंडिक्स कंपनीचं हायड्रोवॅक. जीएमसीच्या अडीच टनी लष्करी ट्रकला ते होतं, आणि तो ट्रक पाच लाखांहून अधिक संख्येने बनला. आधीच्या सर्व्होला पेडलपासून दांडे, लिव्हर लागत. हायड्रोवॅक तेलाच्या लाइनमध्येच बसतं, चासीवर कुठेही. पाय दाबला की पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचं तेल त्याच्यात येतं, तेलाच्या दाबाने एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो, पिस्टनमागे बाहेरची हवा शिरते आणि पिस्टनचा दांडा तेच तेल आणखी जोराने चाकांकडे ढकलतो. युद्ध संपल्यावर लष्करी गाड्या लिलावात निघाल्या. 'डिस्पोजलचा ट्रक' हा शब्द आपल्याकडे तेव्हाचा. गॅरेजांत कुठलाही बूस्टर आला तरी त्याला 'हायड्रोवॅक'च म्हणायची सवय लागली.

आज जुनी गाडी उघडताना नव्वद टक्के काम याच डब्याचं असतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. जुन्या डब्यांतला पिस्टन चामड्याच्या कडीने हवा अडवतो. सायकलच्या पंपात असतं तसंच वॉशर, फक्त ताटलीएवढं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की चामडं सुकून पापडासारखं होतं. एका मिस्त्रीला मी ते तेलात रात्रभर बुडवून ठेवताना पाहिलं. सकाळी त्याने ते बोटांत वाकवून पाहिलं, कानाशी नेलं. कर्र आवाज आला नाही तेव्हाच बसवायला घेतलं. रबराच्या सीलना मात्र हे लाड चालत नाहीत. ब्रेकच्या तेलाकडचं रबर पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल लागलं की फुगतं. ते धुवायचं तर ब्रेक ऑइलनेच किंवा स्पिरिटने.

पाइप हा दुसरा चकवा. बाहेरून नवाकोरा दिसणारा पाइप आतून सुटून चपटा होतो, कारण त्याच्यावर दाब बाहेरून आत असतो. कोणी रेडिएटरचा होज किंवा पाण्याची नळी लावून भागवलं असेल तर इंजिन चालू करून तो पाइप हातात धरा, पोटात गेलेला लागेल. तिसरी गोष्ट हवेचा फिल्टर. पाय दाबल्यावर बाहेरची हवा त्यातूनच आत येते. धूळ बसली की ब्रेक लागतो, पण उशिरा, आणि तो अर्धा क्षण रस्त्यावर बराच लांब असतो.

सर्वांत फसवी खोड म्हणजे ब्रेक ऑइल पिणारं हायड्रोवॅक. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं ऑइल रोज थोडं कमी होतं, पण चाकाशी, जॉइंटशी कुठेही थेंब नाही. सायलेन्सरमधून मात्र पांढरा धूर. तेलाच्या बाजूचं सील गेलं की ऑइल डब्यात उतरतं, तिथून व्हॅक्यूमच्या पाइपाने मॅनिफोल्डमध्ये जातं आणि इंजिन ते जाळून टाकतं. पिस्टन रिंगा बदलण्याआधी तो पाइप काढून आत बोट फिरवा. ओलं लागलं तर इंजिनाचा खर्च वाचला.

मग डिझेल आलं आणि सगळा हिशोब विस्कटला. डिझेल इंजिनाला हवेवर झाकण लागत नाही, वेग इंधनावर ठरतो, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये फुकटचा व्हॅक्यूम उरतच नाही. पेट्रोलच्या जुन्या गाड्यांत पर्किन्सची डिझेल इंजिनं बसवायची लाट आपल्याकडे येऊन गेली, खर्चाच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच होतं. पण सर्व्हो ठेवायचा तर इंजिनावर चालणारा वेगळा पंप हवा, ज्याला एक्झॉस्टर म्हणतात. जुनी गाडी घेताना इंजिन बदललेलं असेल तर हा पंप आहे का, हे पहिलं बघावं. त्याला वंगण इंजिनाच्या तेलाचं असतं. तेलाची लाइन तुंबली की पंपाच्या पात्या झिजतात आणि व्हॅक्यूम दाखवणाऱ्या गेजचा काटा वर चढायचं नाव घेत नाही.

जड गाड्यांनी अखेर व्हॅक्यूम सोडला, त्याचं कारण वरच्या गुणाकारातच आहे. व्हॅक्यूम कितीही चांगला असला तरी दर चौरस सेंटिमीटरला एक किलोची भिंत ओलांडता येत नाही. दाबलेली हवा सात किलोंनी येते, त्याच २० सेंटिमीटरच्या पिस्टनवर २,२०० किलो. आपल्याकडे १९६२ साली मद्रासजवळच्या पाडी इथे टीव्हीएस समूहाने लिंकनच्या त्याच क्लेटन देवांद्रबरोबर 'सुंदरम-क्लेटन' सुरू केली आणि हवेचे ब्रेक इथे बनू लागले. २००८ मध्ये तिचा ब्रेकचा व्यवसाय 'वॅब्को-टीव्हीएस' म्हणून वेगळा झाला. वॅब्को म्हणजे १८६९ सालची वेस्टिंगहाउस एअर ब्रेक कंपनी, रुळांवर व्हॅक्यूमवाल्यांशी भांडलेली तीच.

हलक्या गाड्यांत मात्र व्हॅक्यूम टिकला. १९८६च्या टाटा ४०७लाही तोच, पंप अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला. आज विजेवरच्या अनेक मोटारींना तर व्हॅक्यूमसाठी वेगळी इलेक्ट्रिक मोटर द्यावी लागते, कारण तिथे इंजिनच नाही.

काम झाल्यावर तपासायची रीत जुनीच आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, साठलेला व्हॅक्यूम संपू द्या. मग पेडल दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली बोटभर आपोआप बसलं पाहिजे. मग इंजिन बंद करून दोन मिनिटं थांबा आणि पुन्हा दाबा. फिस्स आवाज येऊन पहिले दोन दाब हलके गेले तर टाकी आणि व्हॉल्व्ह ठीक. पहिल्याच दाबाला पेडल अडलं तर पुन्हा गाडीखाली जायचं.