रांग लांब आहे, पण कशासाठी?

जुलैतल्या धुवाधार पावसात चिपळूण-गुहागर पट्ट्यातल्या पतसंस्थेतून फोन आला, की तो साधारण असा असतो: "दादा, लोड बासष्टवर गेलाय. काउंटरवर माणसं खोळंबलीत. मशीन लहान पडतंय, नवीन घेऊया का?" चार कोअरचं (प्रोसेसरमध्ये काम करणारे चार भाग असलेलं) मशीन आणि लोड ६२, म्हणजे पंधरापट बोजा, असा हिशोब फोन करणाऱ्यानं मनात केलेला असतो. पण लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या त्या सर्व्हरवर टॉप ही कमांड चालवली की पहिल्या ओळीत जो ६२ दिसतो, त्याच्या दोनच ओळी खाली प्रोसेसरचा वापर लिहिलेला असतो, आणि तो असतो जेमतेम ३ टक्के. दोन्ही आकडे खरे असतात. त्या क्षणी नवा प्रोसेसर विकत घेणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

लोडचं पूर्ण नाव लोड ॲव्हरेज, आणि ती टक्केवारी नाही. ती डोकी मोजून काढलेली सरासरी आहे. दाभोळच्या जेटीवर धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी गाड्या लागतात ते आठवा. बोटीवर चढलेल्या गाड्या अधिक रांगेतल्या गाड्या, एवढी साधी बेरीज. सर्व्हरमध्ये गाडी म्हणजे चालू असलेला प्रोग्रॅम आणि बोट म्हणजे प्रोसेसरचा कोअर. चार बोटी असतील आणि लोड ४ असेल तर बोटी भरून चालल्यात आणि धक्क्यावर कुणी थांबलेलं नाही. लोड ८ असेल तर जेवढे बोटीवर तेवढेच धक्क्यावर. म्हणून लोड वाचण्याआधी कोअर किती ते पाहायचं. एनप्रॉक ही कमांड तो आकडा देते. सोळा कोअरच्या मशीनवर ९ हा आरामाचा लोड आहे, एका कोअरच्या भाड्याच्या क्लाउड मशीनवर तोच रडकुंडीला आणेल. एक बारीक गोष्ट: एनप्रॉक जे कोअर सांगतो त्यातले निम्मे पुष्कळदा हायपरथ्रेडिंगचे, म्हणजे एकाच कोअरला दोन नावं दिलेली असतात. त्यांच्याकडून दुप्पट काम होत नाही.

इथवरचं बहुतेकांना ठाऊक असतं. गोंधळ होतो तो पुढच्या दोन गोष्टींत.

पहिली गोष्ट तीन आकड्यांची: लोड नेहमी तीन आकड्यांत दिसतो. ते १, ५ आणि १५ मिनिटांची सरासरी दाखवतात असं सांगितलं जातं, पण शाळेत शिकलो ती बेरीज-भागाकाराची सरासरी ही नव्हे. लिनक्स दर ५ सेकंदांनी डोकी मोजतो आणि जुन्या आकड्यात नवा मिसळतो. एक मिनिटाच्या आकड्यात ९२ टक्के जुना आणि ८ टक्के नवा. पंधरा मिनिटांच्या आकड्यात जुन्याचं प्रमाण ९९.४ टक्के. परिणामी, रिकाम्या मशीनवर एकच प्रोग्रॅम पूर्ण वेगानं सुरू केला तर बरोब्बर एका मिनिटानंतर पहिला आकडा १ दाखवत नाही, ०.६३ च्या आसपास असतो. बाकीचं हळूहळू भरत जातं.

याचा त्रास उलट्या बाजूनं जास्त होतो. समजा शांत मशीनवर पंधरा मिनिटं सलग ८ चा लोड राहिला, मग काम संपलं, आणि तुम्ही एका मिनिटानं लॉगिन केलंत. अपटाइम ही कमांड ते तीन आकडे दाखवेल: २.९४, ६.२२, ४.७३. मशीन आत्ता पूर्ण मोकळं आहे, तरी एकही आकडा शून्याच्या जवळ नाही, आणि सगळ्यात मोठा आकडा मधला आहे. ज्याला हे ठाऊक नाही तो इथे गुन्हेगार शोधत बसतो आणि गुन्हेगार केव्हाच घरी गेलेला असतो. त्यामुळे पहिला आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तर बोजा चढतोय, लहान असेल तर उतरतोय, एवढंच या तिघांकडून घ्यावं. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात, जी फाइल हा हिशोब करते तिच्या सुरुवातीलाच लिहिणाऱ्यानं टिप्पणी ठेवली आहे, की हा आकडा खुळा आहे पण लोकांना तो महत्त्वाचा वाटतो.

दुसरी गोष्ट खरी गडबडीची. लोड ॲव्हरेज लिनक्सहून जुनं आहे. १९७३ मध्ये टेनेक्स या प्रणालीच्या लोड ॲव्हरेजवर टिपण निघालं होतं. तेव्हा मोजणी फक्त प्रोसेसर मागणाऱ्यांची व्हायची. लिनक्सनंही सुरुवातीला तेच केलं. मग १९९३ मध्ये एका प्रोग्रॅमरनं हरकत घेतली: डिस्क मंद असेल तर मशीन रखडतं, पण प्रोग्रॅम डिस्कपाशी अडकल्यामुळे प्रोसेसरची रांग ओसरते आणि लोड कमी दिसतो, हे उलटंच झालं. त्याच्या दुरुस्तीनंतर लिनक्स अशा अडकलेल्यांनाही मोजू लागला. पुढे या बदलाचं कारण कुणाला नीटसं आठवत नव्हतं. ब्रेंडन ग्रेग या कामगिरीतज्ज्ञानं २०१७ मध्ये जुन्या ईमेल उकरून तो मूळ बदल शोधून काढला.

म्हणजे लिनक्सची मोजणी जेटीवरच्या गाड्यांवर थांबत नाही. दापोलीहून येताना रस्त्यावर झाड पडलं म्हणून घाटात अडकलेल्या गाड्याही तो त्याच आकड्यात धरतो. आकडा मोठा दिसतो, धक्का मात्र ओस. नवी बोट आणून काय होणार?

पतसंस्थेत नेमकं हेच झालेलं असतं. पासबुकाची प्रत मुख्य शाखेतल्या डिस्कवर ठेवायची म्हणून तिथला फोल्डर नेटवर्कवरून, एनएफएस या दूरचा फोल्डर जोडायच्या सोयीनं, इथल्या सर्व्हरला जोडलेला. पावसात झाड कोसळलं, केबल तुटली, फोल्डर दिसेनासा झाला. एनएफएसचा नेहमीचा स्वभाव असा, की तो चूक दाखवून मोकळा होत नाही. समोरचा उत्तर देईपर्यंत वाट पाहतो. काउंटरवरच्या ताईंनी प्रिंटचं बटण दाबलं, एक प्रोग्रॅम अडकला. काही होत नाही म्हणून त्यांनी पुन्हा दाबलं, दुसरा अडकला. शेजारच्यांनीही दाबलं. लोड ६२ हा या दाबलेल्या बटणांचा हिशोब असतो. त्यात तपासायला बसलेला माणूस डिस्कवर जागा किती ते पाहायला डीएफ चालवतो, तीही त्याच फोल्डरपाशी जाऊन थिजते, आणि लोड ६३ होतो.

अशा वेळी पीएस कमांडच्या यादीत प्रत्येक प्रोग्रॅमच्या अवस्थेचं अक्षर पाहावं. आर म्हणजे प्रोसेसरवर किंवा त्याच्या रांगेत. डी म्हणजे अडकलेला. डी असलेल्यांसाठी डब्ल्यूचॅन हा रकाना मागवला तर कर्नलच्या कुठल्या दारात तो उभा आहे त्याचं नाव दिसतं. तिथे एनएफएस किंवा आरपीसी (एनएफएस पलीकडच्या मशीनशी जिच्यामार्फत बोलतं ती यंत्रणा) हे शब्द ओळीनं दिसले की प्रोसेसर, मेमरी, डेटाबेस सगळे निर्दोष सुटले. नव्या कर्नलमध्ये एनएफएसपाशी अडकलेले प्रोग्रॅम सक्तीच्या किल कमांडनं मरतात. खराब होत चाललेल्या डिस्कपाशी अडकलेले बऱ्याचदा त्यालाही दाद देत नाहीत. पण मारून काही साधत नाही, केबल जोडेपर्यंत नवे अडकतच राहणार. खरा इलाज मांडणीत आहे: प्रत आधी इथल्याच डिस्कवर लिहायची आणि लाइन असेल तेव्हा मागाहून पलीकडे पाठवायची. कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या डीएमेसग कमांडमध्ये डिस्कच्या चुका दिसल्या तर मात्र गोष्ट वेगळी, आधी बॅकअप. आपल्याकडे वीज झटकन जाते-येते, यूपीएस दमलेला असतो, आणि मशीन उठल्यावर सॉफ्टवेअर रेड, म्हणजे एकच माहिती दोन डिस्कवर ठेवणारी सोय, त्या दोन डिस्क पुन्हा जुळवत बसतं. सकाळचा पहिला तास चढलेला लोड पुष्कळदा तेवढाच.

मेमरी संपली तरी चित्र असंच दिसतं, पण इलाज उलटा. पाडव्यानंतर हापूसच्या पेट्यांचं बुकिंग घेणाऱ्या बागायतदाराच्या वेबसाइटवर एकदम गर्दी होते. साइट मंद झाली म्हणून कुणीतरी एकावेळी चालणाऱ्या पीएचपीच्या (साइट चालवणाऱ्या भाषेच्या) प्रक्रिया वाढवून ठेवतो. त्या मेमरीत मावत नाहीत, कर्नल त्यांची पानं, म्हणजे मेमरीतले तुकडे, डिस्कवर टाकायला आणि परत आणायला लागतो, आणि सगळ्याच डीमध्ये जातात. व्हीएमस्टॅट या कमांडमध्ये एसआय आणि एसओ हे या ने-आणीचे रकाने सतत हलत असतील तर हेच चाललंय. प्रक्रिया निम्म्या करा. ग्राहकाला क्षणभर थांबावं लागेल, पण पेटी बुक होईल. हे सांगितलं की समोरचा माणूस संशयानं पाहतो.

खरोखरच प्रोसेसर कमी पडतोय, असंही असतं. तेव्हा व्हीएमस्टॅटमधला आर रकाना कोअरपेक्षा मोठा राहतो आणि प्रोसेसर पूर्ण वापरात दिसतो. तरी खरेदीआधी दोन गोष्टी पाहाव्यात. भाड्याचं मशीन असेल तर टॉपमधला एसटी हा आकडा. तो वाढला असेल तर तुमच्या वाट्याचा प्रोसेसर त्याच यंत्रावरचा शेजारी खातोय. आणि स्वतःचं मशीन असेल तर झाकण उघडून पंखा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत धूळ चिकटून लगदा होते, प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो. काम तेवढंच, लोड दुप्पट.

याच्या उलट, लोड ०.२० आणि ग्राहक चिडलेले, हेही होतं. पैसे भरायच्या पानावरून साइट दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरला विचारते आणि उत्तराची वाट पाहते. ती वाट एस अवस्थेतली असते, साधी झोप, आणि लिनक्स ती मोजत नाही.

एवढ्या भानगडी असलेल्या आकड्यावर मध्यरात्री मोबाइल खणखणवणारा अलार्म लावू नये असं माझं मत आहे; रात्रीचा बॅकअपसुद्धा तो वाजवतो. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या ४.२० कर्नलपासून लिनक्समध्ये पीएसआय नावाची सोय आहे. ती प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे तीन वेगळे हिशोब देते: गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांत किती टक्के वेळ कुणी ना कुणी त्या गोष्टीसाठी खोळंबलं होतं. कोअर किती, हा प्रश्नच मग अलार्ममध्ये येत नाही. पतसंस्थेसारख्या ठिकाणी ६० सेकंदांचा आकडा धरून तिघांना तीन अलार्म लावावेत. मात्र रेड हॅट कंपनीच्या लिनक्सच्या आठव्या आवृत्तीत ही सोय असूनही बंद ठेवलेली असते; बूट होताना कर्नलला पीएसआय=१ असं सांगावं लागतं.